पिंक सामनला ‘डब्यातला मासा’ म्हणून उडवून लावू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेला मुलाबाळांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी माहिती आली होती. सिएटलच्या परिसरात काय पाहावं, कुठे फिरावं हे त्यात नीट सांगितलं आहे, त्याबद्दल आभार. पण सामन माशाचा विषय निघाला तिथे एका ओळीत निकाल लावून टाकला आहे. सामनच्या जातींपैकी किंग घ्या, सॉकाय घ्या, पिंकच्या वाटेला जाऊ नका, तो डब्यात भरायचा बेचव मासा, असं म्हटलं आहे. मी मूळची देवगडची. गेली बरीच वर्षं सिएटलच्या उत्तरेला एव्हरेटला राहते आणि पिंकचा हंगाम लागला की पहाटे गळाची काठी घेऊन किनाऱ्यावर जाते. त्या ओळीमुळे पुष्कळ माणसं एका चांगल्या माशाला आणि त्याहून चांगल्या सकाळींना मुकतील असं मनापासून वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. पिंक बेचव नाही. तो नाजूक आहे, आणि पकडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात लोक त्याची वाट लावतात.

पॅसिफिक महासागरातल्या सामनच्या जातींत हा सगळ्यात लहान. साधारण साडेतीन ते पाच पौंड, म्हणजे दीड ते सव्वादोन किलोचा. आयुष्य बरोबर दोन वर्षांचं. २०२५ च्या शरदात इथल्या नद्यांच्या खडीत जी अंडी घातली गेली, त्यांतली जेमतेम सव्वा इंचाची पिल्लं २०२६ च्या वसंतात बाहेर पडतात आणि नदीत रेंगाळत न बसता थेट समुद्राची वाट धरतात. तीच २०२७ च्या उन्हाळ्यात भरल्या अंगाने परततात. यामुळे विषम वर्षांचे पिंक आणि सम वर्षांचे पिंक ही दोन घराणी कायमची वेगळी झाली आहेत, त्यांची गाठच पडत नाही. अलास्कात दोन्ही घराणी आहेत. आमच्या प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिएटलजवळ आत शिरलेल्या समुद्रात, आणि सीमेपलीकडे कॅनडातल्या फ्रेझर नदीत मात्र राज्य विषम वर्षांचं. स्नोहोमिश नदीत सम वर्षी थोडे येतात, बाकी सम वर्षी पिंकच्या आशेने किनाऱ्यावर जाण्यात अर्थ नाही. तेव्हा तिकीट काढण्याआधी वर्ष बघा, ही पहिली सूचना.

विषम वर्षी जुलैच्या अखेरीस थवे वान द फूकाच्या सामुद्रधुनीतून आत शिरतात, ॲडमिरल्टी इनलेटमधून व्हिडबी बेटाच्या पश्चिम कडेने खाली उतरतात आणि मग आपापल्या नद्यांच्या दिशेने पांगतात. ऑगस्टचा मधला आणि शेवटचा आठवडा खाऱ्या पाण्यातला ऐन भर. मकिल्टिओ आणि एडमंड्स यांच्यामधल्या किनारपट्टीला इथले लोक हंपी हॉलो म्हणतात, कारण नराच्या पाठीवर नदीत गेल्यावर कुबड येतं आणि त्यावरून या माशाचं बोलीतलं नावच हंपी पडलं आहे. होडी नसलेल्यांना काळजी नको. व्हिडबीवर बुश पॉइंट आणि लॅगून पॉइंट, वेस्ट सिएटलमध्ये लिंकन पार्क, टकोमाकडे डॅश पॉइंट आणि ब्राउन्स पॉइंट, सगळीकडे थवा किनाऱ्याला इतका लगटून जातो की चांगली फेक जमणाऱ्याच्या टप्प्यात येतो. म्हणूनच हा मासा नवख्यांचा, मुलांचा आणि तीन महिन्यांसाठी येऊन घरात टीव्हीसमोर बसून कंटाळलेल्या आजीआजोबांचा आहे. किंग सामनसाठी बहुधा होडी लागते, महागडं सामान लागतं. पिंकसाठी एक हलकी काठी पुरते.

आता सामान. काठी आठ ते नऊ फुटांची, मीडियम-लाइट, टोकाला लवचिक. रीळ २५०० किंवा ३००० नंबरचं साधं स्पिनिंग. दोरी आठ ते दहा पौंडी तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी. दुकानदार हल्ली सगळ्यांनाच ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, घ्यायला सांगतात. ब्रेड लांब जाते हे खरं, पण तिला ताण अजिबात नाही, आणि पिंकचं तोंड मऊ. माशाने डोकं झटकलं की गळ मांस फाडून निघून येतो. तंगूस थोडं ताणतं आणि तो झटका पोटात घेतं. ब्रेड वापरायचीच असेल तर पुढे चार-पाच फूट तंगूस जोडावं. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सुटू देणारा ब्रेक, मी बराच सैल ठेवते.

आमिष गुलाबी. रंगाच्या बाबतीत वाद घालण्यात वेळ घालवू नये, हा मासा समुद्रात क्रिलसारखे बारीक जीव आणि छोटी माकुलं खात वाढलेला असतो आणि गुलाबी, लहान वस्तूवर येतो. माझ्या डबीत दोनच प्रकार असतात. एक, पाव औंसाच्या आसपासचा मॅराबू पिसांचा गुलाबी जिग, म्हणजे डोक्याला वजन असलेला गळ. दुसरा, अडीच इंची गुलाबी बझ बॉम्ब. हा बझ बॉम्ब जवळून बघण्यासारखा आहे. दोन्ही टोकांना निमुळतं, शंकरपाळ्याच्या आकाराचं शिसं, त्याच्या आरपार भोक, त्यातून दोरी ओवायची, खाली एक रबरी बुच आणि मग गळ. दोरी सैल सोडली की तो थरथरत, गिरक्या घेत खाली जातो. मासा लागला की शिसं दोरीवरून वर सरकतं आणि माशाच्या तोंडात उरतो तो फक्त गळ. जड शिशाचा हिसका देऊन मासा सुटण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. पाकिटात कधी तिहेरी गळ येतो, तो काढून टाकावा लागतो, कारण इथल्या खाऱ्या पाण्यात सामनसाठी एकेरी आणि उलटा काटा नसलेला गळच चालतो. काटा असेल तर पक्कडीने पुरता चेपायचा आणि फडक्यात टोचून बघायचा. धागा अडकला तर अजून चेपायचा.

गरवण्याची, म्हणजे गळाने मासा धरण्याची, पद्धत सोपी आहे, फक्त धीर हवा. थवा पाण्यावर उड्या मारत येतो. उडी दिसली की लोक बरोबर त्या ठिकाणी आमिष फेकतात. तोवर थवा पुढे गेलेला असतो. थव्याचं तोंड कुठे आहे ते बघून त्याच्या पुढे आणि पलीकडे फेकायचं. आमिष थोडं बुडू द्यायचं. मग काठीचं टोक हातभर उचलायचं, परत खाली न्यायचं, आणि खाली नेताना दोरी अगदी हलकी ताणलेली ठेवायची. रीळ हळू, शक्य तितकं हळू. पिंक आमिष उचलतो तो बहुतेक वेळा ते खाली पडत असताना, आणि उचलतो म्हणजे काय, दोरीला नुसतं जडपण येतं. देवगडच्या जेटीवर बोटावर दोरी धरून गरवण्यात जन्म गेलेले माझे बाबा एका विषम वर्षी इथे आले होते. शेजारचे जवान धडाधड झटके देत होते आणि त्यांचे मासे सुटत होते. बाबांनी रीळ बाजूला ठेवलं, दोरी तर्जनीवर घेतली, डोळे बारीक करून म्हणाले, “मासो नुसतो हुंगता गो. जरा थांब, मगे खातलो.” जडपण वाढू दिलं आणि मनगटाने काठी फक्त उचलली. मासा लागला होता. मी आजही तस्संच करते. झटका द्यायचाच नाही, काठी वाकू द्यायची आणि मासा पायाशी येईपर्यंत दोरी एक क्षणही सैल सोडायची नाही. उलटा काटा नसलेल्या गळावर ढील दिली की संपलं.

पाणी वाहतं हवं. भरती-ओहोटीचं कोष्टक फोनवर मिळतं, पण कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग (मोठी आणि लहान भरती) शिकवायला नको. पहाटेचा पहिला उजेड आणि पाणी फिरण्याच्या आगेमागे असलेली वेळ जुळली तर ती सकाळ सोडू नये. किनाऱ्यावर माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. कोणाला मासा लागला की तो ‘फिश ऑन’ म्हणून ओरडतो, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांनी आपापली दोरी गुंडाळून घ्यायची असते. हे न करणाऱ्यावर सगळा किनारा नाराज होतो आणि ते योग्यच आहे.

होडीतून गरवणारे लोक पांढऱ्या फ्लॅशरमागे (माशाचं लक्ष वेधणाऱ्या चमकत्या पट्टीमागे) दोनेक फूट दोरी ठेवून गुलाबी मिनी-स्क्विड, म्हणजे माकुलासारखं छोटं आमिष, अगदी संथ ओढत नेतात, मधूनमधून होडी नागमोडी फिरवतात. कोणाच्या ओळखीत होडी असेल तर जरूर जावं. मला किनाराच आवडतो.

नदीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायचं आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर पिंक स्नोहोमिश, स्कॅजिट, पुयालप, ग्रीन या नद्यांत चढतात. नदीत शिरल्यावर त्यांचं खाणं जवळजवळ बंद होतं. तरी छोटा गुलाबी डिक नाइट (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) किंवा तरंगत्या फ्लोटखाली लोंबकळणारा जिग नाकासमोरून संथ गेला तर तो तोंडात धरतात. हे झालं रीतसर गरवणं. पण काही जण जड शिसं लावून लांब दोरी थव्यातून हिसडत ओढतात आणि मासा पाठीत, पोटात, शेपटीत अडकवतात. तोंडाबाहेर अडकलेला मासा नदीत ठेवता येत नाही, लगेच सोडावा लागतो. आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर अशा हिसडलेल्या माशांचे फोटो अभिमानाने फिरताना पाहिले आणि फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे वर चढलेले, काळपट झालेले, कुबड आलेले नर पकडून, ‘शी, हा कसला’ म्हणून काठावर फेकून दिलेले. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे पोटात गाबोळी असताना धरतात, आणि पुढे ओढ्यात मासे उरले नाहीत म्हणून तेच लोक हळहळतात. इथे तर घराणं दोन वर्षांचंच. सामनच्या इतर जातींत एक वर्ष वाया गेलं तर वेगवेगळ्या वयाचे मासे पुढच्या वर्षी येऊन तूट थोडी भरून काढतात. पिंकला तो आधार नाही. फ्रेझर नदीत १९१३ साली रेल्वेमार्गाच्या कामात हेल्स गेट या अरुंद घळीत खडक नदीत कोसळला, पुढच्या वर्षी आणखी मोठी दरड आली आणि वर जाणाऱ्या पिंकची वाटच बंद झाली. १९४५-४६ मध्ये तिथे माशांना चढायला जिने बांधले, तेव्हा कुठे वरच्या अंगाला पिंक पुन्हा रुजू लागले. रंग बदललेला मासा खाण्यालायक राहत नाही, त्याने चरबी आणि मांस प्रवासात खर्चलेलं असतं. त्याला जाऊ द्या. तो अंडी-वीर्य सोडून मरतो आणि त्याचं कलेवर गरुडांना, अस्वलांना, नदीकाठच्या झाडांना आणि पुढच्या पिल्लांच्या अन्नसाखळीला पोसतं. ठेवायचा तर चांदीसारखा लखलखीत मासा ठेवा.

परवान्याचं म्हणाल तर पाहुण्यांनाही लागतो. वॉशिंग्टन राज्यात वय पंधरा किंवा जास्त असेल तर परवाना हवाच, आणि एक ते तीन दिवसांचा परवाना मिळतो, त्यामुळे महिन्याभरासाठी आलेल्यांची अडचण होत नाही. त्याच्याबरोबर कॅच रेकॉर्ड कार्ड घ्यायचं. सामन ठेवला की त्याच क्षणी, किनाऱ्यावरच, त्यात नोंद करायची. ‘घरी जाऊन लिहू’ चालत नाही. पंधराच्या आतल्या नातवाला परवाना लागत नाही, पण कार्ड लागतं. किती मासे ठेवता येतील, कोणता भाग उघडा आहे, हे हंगामात मध्येच बदलतं, म्हणून निघण्याआधी राज्याच्या मासे आणि वन्यजीव खात्याचं संकेतस्थळ रोज बघावं. व्हँकुव्हर, सरे भागातल्या वाचकांनी ध्यानात ठेवावं की तिकडे समुद्राचा परवाना केंद्र सरकारचा आणि नदीचा प्रांताचा, दोन्ही वेगळे.

आणि मासा ओळखायला शिका, कारण त्याच पाण्यात कोहो आणि किंग या सामनच्या दुसऱ्या जातीही असतात आणि त्या बऱ्याचदा ठेवता येत नाहीत. मासा पाण्यात असतानाच शेपटी बघायची. पिंकच्या शेपटीवर, वरच्या आणि खालच्या दोन्ही पाकळ्यांवर, मोठे लंबगोल काळे ठिपके असतात, चांदीची झाक नसते. खवले अगदी बारीक. कोहोच्या शेपटीला चांदी असते आणि ठिपके फक्त वरच्या पाकळीवर. किंगचे ठिपके दोन्हीकडे, पण शेपटी चंदेरी आणि हिरड्या काळ्या. खात्री नसेल तर न उचलता सोडा.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी हे पत्र. पिंकचं मांस मऊ आहे, चरबी कमी आहे, आणि पोटातले पाचक रस मेल्यानंतर फार लवकर पोटाच्या पडद्यावर काम सुरू करतात. पकडलेला मासा वाळूवर तडफडत ठेवला, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, उन्हात चार तास गाडीच्या डिकीत ठेवला आणि संध्याकाळी कापला, तर बरगड्या मांसातून सुट्या होऊन वर येतात आणि वास सुटतो. असा मासा खाऊनच लोक म्हणतात पिंक बेचव. बांगड्याच्या बाबतीत कोकणातली कोणतीही बाई हे खपवून घेणार नाही.

मी काय करते ते सांगते. मासा बाहेर आला की लाकडी दांडक्याचा डोक्यावर एक नेमका घाव. लगेच कल्ले उचलून आतल्या लाल कमानी सुरीने कापायच्या आणि मासा बादलीतल्या समुद्राच्या पाण्यात डोकं खाली करून ठेवायचा. हृदय अजून चालू असतं, तेच रक्त बाहेर टाकतं. पाणी लाल होतं, मग थांबतं. चार-पाच मिनिटांत कल्ले फिकट पडतात. मग पोट फाडून आतडी काढायची, आणि कण्याला चिकटलेली काळपट लाल रेघ अंगठ्याच्या नखाने किंवा चमच्याने टोकापासून टोकापर्यंत खरवडून काढायची. ही रेघ राहिली तर उरलेली मेहनत फुकट. मासा मग कूलरमध्ये, बर्फ आणि थोडं समुद्राचं पाणी एकत्र केलेल्या लगद्यात. नुसते बर्फाचे खडे टाकले तर ते जागोजागी टेकतात, लगदा सगळीकडून भिडतो. घाण किनाऱ्यावर टाकायची नाही, पिशवीत घालून परत आणायची.

असा मासा घरी आणून त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, खाऊन बघा. मीठ, हळद, आगळ लावून अर्धा तास, मग मालवणी मसाला, तांदळाचं पीठ आणि रवा, आणि बिडाच्या तव्यावर. चरबी कमी म्हणून जास्त वेळ ठेवायचा नाही, एका बाजूने रंग आला की एकदाच उलटायचा. कालवण करायचं तर ओल्या खोबऱ्याचं वाटण तिरफळं घालून आधी पुरतं उकळवून घ्यावं, तुकड्या शेवटी सोडाव्यात, आणि डाव घालू नये, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवावं. मादीची गाबोळी मिळाली तर हळद-मीठ लावून वाफवून, मग परतावी. बारीक काटे असतात, लहान मुलांना काढून द्यावेत. कच्चा खाण्याचा प्रयोग करू नये, समुद्रातल्या सामनमध्ये परजीवी असू शकतात. फ्रीझरमध्ये हा फार टिकत नाही, त्यामुळे खाण्यापुरतेच ठेवा. थोडे जास्त झालेच तर धुरी देऊन ठेवता येतात, धुरीचा पिंक फार सुरेख लागतो.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या वेळी ही माहिती छापाल तेव्हा ‘पिंक घेऊ नका’ ही ओळ काढून त्या जागी हंगामाचं वर्ष द्यावं. पुढचा हंगाम २०२७ चा. ज्यांना आईवडिलांना बोलवायचं आहे त्यांनी ऑगस्टचा दुसरा आठवडा ते सप्टेंबरचा पहिला आठवडा मोकळा ठेवावा. १ एप्रिल ते ३१ मार्च असं परवान्याचं वर्ष असतं, तेव्हा जुना परवाना चालतो का हे आधी बघावं. पहाटे पाण्याजवळ ऑगस्टातही गारठा असतो, म्हणून वडीलधाऱ्यांसाठी कानटोपी आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आठवणीने घ्यावेत.

आपली,
एक वाचक, एव्हरेट, वॉशिंग्टन राज्य
(मूळ गाव देवगड, जि. सिंधुदुर्ग)